मामांची गोळी त्या फॉरवर्डने बंद केली, म्हणून हे लिहितेय

मामांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले तर गोळ्यांच्या डबीतले रात्रीचे सातही खण भरलेले, म्हणजे स्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेतलेलीच नव्हती. विचारलं तर मोबाईलच पुढे केला. "अमेरिकेने मान्य केलं, कोलेस्टेरॉल निरुपद्रवी आहे, ते तर लिव्हर स्वतःच बनवतं, स्टॅटिन हा कंपन्यांचा धंदा, त्याने मेंदू आणि स्नायू खलास होतात." तुमच्याही फॅमिली ग्रुपवर हे फिरून गेलं असेलच. मी रात्रभर झोपले नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी अमेरिका. २०१५ साली तिथल्या आहार सल्लागार समितीने रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढायला सांगितली हे खरंय, पण ती मर्यादा अंड्या-मटणातून पोटात जाणाऱ्या कोलेस्टेरॉलची होती. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढलं तरी चालेल असं कोणी म्हटलेलंच नाही, आणि तूप-लोण्यातल्या सॅच्युरेटेड फॅटवरची १० टक्के कॅलरींची मर्यादा तशीच आहे. ताटातलं आणि रक्तातलं एकच समजून मेसेज लिहिलाय.

आता "लिव्हर स्वतःच बनवतं". हो, बनवतं, पण रक्तातलं परत ओढूनही घेतं, आणि ते काम लिव्हरच्या पेशींवरच्या एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे एलडीएलला पकडून आत घेणाऱ्या हुकाचं. हे कळलं कसं ते बघा. काही घराण्यांत मुलांना शाळेच्या वयात हार्ट अटॅक यायचे, अंगावर पिवळट गाठी यायच्या. १९७३ च्या सुमारास डॅलसमध्ये मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा पेशंटच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यावर एलडीएल टाकलं. निरोगी माणसाच्या पेशीला ते चिकटतं, आत जातं आणि पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवते. या पेशींना ते चिकटतच नव्हतं, रिसेप्टरच धड नव्हता. त्या मुलांना ना सिगरेट, ना ऑफिसचं टेन्शन, आईकडून आणि वडिलांकडून एकेक बिघडलेला जीन आला, एलडीएल रक्तात साठत गेलं आणि लहानपणीच रक्तवाहिन्या तुंबल्या. १९८५ चं नोबेल यालाच मिळालं. कोलेस्टेरॉल निरुपद्रवी असेल तर या मुलांचं काय झालं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि याच्या बरोब्बर उलटी माणसंही आहेत. पीसीएसके९ नावाचा जीन असं प्रोटीन बनवतो जे हा रिसेप्टर मोडीत काढतं. काही लोकांत तो जीन जन्मापासून बंद असतो, म्हणजे रिसेप्टर जास्त टिकतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचा पंधरा वर्षांचा अभ्यास आला, जीन बंद असलेल्यांचं एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. हा फरक गोळीने नाही, जन्मापासूनच होता, यात कुठल्या कंपनीचा हात असणार?

स्टॅटिनही तेच करतं. पेशीतलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवलं की पेशीला कमी पडतं, मग ती जास्त रिसेप्टर बाहेर काढते आणि रक्तातलं एलडीएल ओढते. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्डो यांना हजारो बुरशी तपासून, तांदळावरच्या एका बुरशीत सापडलं. धंदा कंपन्या करतातच, ते मी नाकारत नाही, पण जुन्या स्टॅटिनची पेटंट कधीच संपलीत. आणि १९९४ च्या स्कॅन्डिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हार्ट पेशंटपैकी खोटी गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) घेणारे २५६ गेले, सिमव्हास्टॅटिन घेणारे १८२. मामा याच प्रकारचे पेशंट आहेत.

मेंदूचं एका वाक्यात: मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्या एलडीएलवर तो अवलंबून नाही.

स्नायूंचा त्रास मात्र मी उडवून लावणार नाही. काहींना खरंच होतो, क्वचित गंभीर होतो, शुगरही थोडी वाढू शकते. पण २०२० मध्ये लंडनला, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर स्टॅटिनवर जितका त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच होतं, कारण बहुतेक वेळा स्टॅटिन नव्हतं.

मामांच्याही पोटऱ्या दुखत होत्या, डॉक्टरांना त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी बरोबर गेले, रक्त तपासलं, स्नायूंची टेस्ट नॉर्मल आली, डॉक्टरांनी स्टॅटिन बदलून दिलं. आता डबीचे खण रोज रिकामे होतायत. निघताना डॉक्टरांनी विचारलं, हे घराण्यातूनही येऊ शकतं, मुलाचं एलडीएल कधी केलंय का? मामेभाऊ चोवीसचा आहे, कधीच केलेलं नाही. शनिवारी त्याला लॅबमध्ये नेतेय.