शांततेसाठी आलात ना? मग तो जनरेटर बंद करा!

शनिवार-रविवारच्या कॅम्पिंग मेळाव्याला लोक नक्की कशासाठी येतात? शांततेसाठी म्हणे! मग मध्यरात्री जनरेटर का धडधडतो? तर टीव्हीवर मॅच दिसावी आणि फ्रीज चालू राहावा म्हणून. अहो, मॅच घरीही दिसते! आणि फ्रीज? कितीतरी कॅरॅव्हॅनचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरांचे, फ्रीज गॅसवरही चालतात. छपरावर सोलर पॅनेल मिरवायचं, खाली भलीमोठी बॅटरी, तरीही दोरी ओढून ते धूड सुरू करायचंच.

बरं, धुराचं तोंड कुणीकडे? अर्थातच शेजाऱ्याच्या तंबूकडे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस खलास. जनरेटरबरोबरच्या पुस्तिकेत हा इशारा असतो. पण पुस्तिका वाचतो कोण?

सांगायला जावं तर उत्तर तयार: "अहो, हे सायलेंट मॉडेल आहे!" सायलेंट? मग मला ओरडून का सांगताय?

दिव्यांचं तर विचारूच नका. तारे बघायला यायचं आणि बघायची काय, तर शेजाऱ्याची जांभळी एलईडी पट्टी, रात्रभर लुकलुकणारी. सिंकखाली बादली ठेवायचेही कष्ट नकोत, खरकटं पाणी थेट गवतावर, तिथून माझ्या तंबूखाली. पहाटे डोळा लागतो न लागतो, तोच कुणीतरी खुंट्या ठोकायला घेतं.

आणि निघताना हेच महाशय हसत विचारतात, "काय निवांत गेला ना वीकएंड? पुढच्या वेळीही शेजारीच जागा घेऊ!"