तेओर कोणाला द्यावा?

ताई, तुमचा राग मला समजतो. तुम्ही म्हणता, गोव्यातल्या जन्म-लग्नाच्या नोंदींचा पूर्ण उतारा, म्हणजे तेओर, सगळ्यांना देऊ नये असं मी लिहून कचेरीतल्या बाबूंच्या हाती आणखी एक सत्ता दिली. लोकांनी आपल्या आजोबांचा जन्म मग सिद्ध करायचा कसा?

घरच्या माणसाला कागद मिळालाच पाहिजे. त्याबद्दल आपल्या दोघांत वाद नाही. कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, गावकार (वंशपरंपरेनं सदस्य) म्हणून नाव लावायचं असो, इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसा-वाटपाच्या दाव्यात, वारस ठरवायचे असोत, की १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजीची नोंद पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला न्यायची असो, गोंयकाराचं या कागदावाचून पान हलत नाही.

माझा आक्षेप परक्याच्या हाती जाणाऱ्या तेओराला आहे. साध्या दाखल्यात नाव, तारीख, गाव, आईबाप अशी मोजकीच माहिती असते. तेओर हा मात्र नोंदीचा शब्दन्‌शब्द उतारा. मागाहून समासात चढवलेले शेरेही त्यात येतात. लग्न मोडलं, नाव बदललं, सगळं. जुन्या वह्यांत तर बापाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलेल्या नोंदी आहेत. देवळाच्या सेवेतल्या ज्या बायकांना समाजानं लग्नच करू दिलं नाही, त्यांच्या लेकरांच्या वाट्याला हा शब्द आला. त्यांची नातवंडं-पतवंडं आज आपल्यात मानानं जगताहेत. कुणीही फी भरून त्यांच्या घरातलं हे पान उघडावं, हे मला पटत नाही. पटणारही नाही.

लग्नाची नोटीस कचेरीत लागतेच, मग लपवायचं काय, असं तुम्ही विचारता. ती कोणाला हरकत घेता यावी म्हणून लावतात, आणि मुदत संपली की तिचं काम संपतं. समासातला शेरा जन्मभर राहतो.

आपल्या कायद्यानंही रेघ ओढलेली आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं १७वं कलम कोणालाही नोंद शोधून घेऊ देतं, पण मृत्यूच्या दाखल्यात मरणाचं कारण देऊ नये असं तिथंच बजावतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. ज्या पोर्तुगालकडून ही पद्धत आपल्याकडे आली, तिथं जन्माच्या वह्या १०० वर्षांनी, लग्नाच्या ५० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी पुराभिलेखागारात जातात आणि सगळ्यांना पाहता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाचं यात काही अडत नाही.

तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा खोट्या वारसांचा. नोंदी उघड्या असल्या की भावकी खोटेपणा पकडते, हे खरं. पण बनावट कागदांनी बळकावलेल्या जमिनींसाठी २०२२मध्ये गोवा सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली. असं करणारा आधी कुलूपबंद घर हेरतो: मालक वारलेला, वारस परदेशी. कोणाच्या मागे कोणी उरलं नाही, हे वाटेल त्याला वह्यांतून काढता आलं तर त्याचं अर्धं काम होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. वंशातल्या माणसाला, आणि ज्याचा वारसाहक्काशी किंवा दाव्याशी खराच संबंध आहे त्याला पूर्ण तेओर द्या. इतरांना साधा दाखला पुरे. शंभर वर्षांपलीकडचं सगळ्यांना मोकळं करा. माझा तेओर कोणी, कधी नेला, हे मला विचारताच कळलं पाहिजे. आणि बाबूंची भीती तुम्हाला आहे तशी मलाही आहे, म्हणून अर्ज नाकारला तर ठरल्या दिवसांत लेखी कारण मिळावं आणि त्यावर अपील करता यावं.