लिंबू, सोडा आणि कोवळं ऊन: पाचवीतल्या पोरीच्या तोंडावर हा प्रयोग कशाला?

गेले काही आठवडे सांगली-मिरजेतल्या आयांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. वर लाल अक्षरात "आईंनो, सावधान!" आणि खाली पाच मुद्दे. चौदाच्या आतल्या मुलीला फेसवॉश लावू नका, त्यातल्या एसएलएसनं (फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट) कॅन्सर होतो. या वयात पुटकुळी आली म्हणजे रक्त बिघडलंय आणि पाळी लवकर येणार. धुवायचंच असेल तर ७६ टक्के टीएफएमचा (म्हणजे तेवढ्या स्निग्ध द्रव्याचा) अंगाचा साबण बास. आपल्या आज्यांनी फेसवॉश बघितलाही नव्हता. आणि शेवटी रामबाण उपाय: अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर "अस्सल सांगली हळद" एकत्र करून चेहऱ्याला लावा आणि पोरीला पंधरा मिनिटं कोवळ्या उन्हात बसवा. जळजळलं तर घाबरू नका, आतली घाण बाहेर पडतेय.

माझ्या धाकट्या बहिणीनं हे केलं. भाची पाचवीत आहे, कपाळावर मोजून चार बारीक पुटकुळ्या होत्या. पुटकुळ्या आहेत तिथंच आहेत, आणि आता गालावरून हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ उमटलेत. रस जसा ओघळला तसेच. बहिणीला वाटलं रात्री अंगावरून किडा गेला असेल. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी चेहरा बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लिंबू लावलं होतं का?"

माझं सांगलीत विश्रामबागेत मेडिकल आहे, म्हणजे फेसवॉश विकून मला चार पैसे मिळतात. "दुकानदार असंच बोलणार" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं, पण खालचं वाचून म्हणावं. मंडईत लिंबंही कुणी फुकट वाटत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत, हा इजा करतो.

लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. आपण हातानं लिंबू पिळतो तेव्हा सालीतलं तेलही रसात उतरतं. ही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातली यूव्हीए नावाची अतिनील किरणं त्यांना जागं करतात आणि त्वचेच्या पेशी होरपळतात. याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. ही ॲलर्जी नाही, की "आमच्या पोरीला काहीही सोसतं" म्हणून सुटका होईल. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं तर कुणालाही होतं. यातली खरी गोम अशी की लाली किंवा फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. तोवर आई लिंबू विसरलेली असते. मग काळपट डाग पडतो आणि तो कित्येक आठवडे, कधी काही महिने राहतो. "कोवळं ऊन चालतं" हेही डोक्यातून काढा. सकाळी यूव्हीबी (दुसऱ्या प्रकारचं अतिनील) कमी असतं हे खरं, पण यूव्हीएचा चढउतार तेवढा नसतो. ते सकाळीही असतंच.

आता सोडा. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जो फेस येतो त्यालाच हा फॉरवर्ड "शुद्धीकरणाची क्रिया" म्हणतो. अहो, तो कार्बन डायऑक्साइड आहे. आठवीतल्या पोरानंही सांगितलं असतं: आम्ल आणि बायकार्बोनेट एकमेकांना मारतात, मागे सोडियम सायट्रेट आणि पाणी उरतं. हिशेबच करायचा तर अर्ध्या लिंबात सायट्रिक आम्ल साधारण एक ग्रॅम. ते मारायला सव्वा-दीड ग्रॅम सोडा पुरतो. चमच्यात बसतो चार-पाच ग्रॅम. म्हणजे लिंबाची आंबट ताकद गेली आणि तीनेक ग्रॅम सोडा तसाच चेहऱ्यावर राहिला. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेचा पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो, सोड्याच्या पाण्याचा आठाच्या वर. पीएचच्या मापात एक पायरी म्हणजे दहा पट. पाचावरून आठावर म्हणजे हजार पट फरक. त्वचेवरचं आम्लाचं पातळ आवरण जंतूंना अडवतं आणि ओलावा धरून ठेवतं. तेच आपण खरवडून काढतोय, आणि न विरघळलेले सोड्याचे कण वरून घासतोय. गंमत म्हणजे, गंमत कसली, सोड्यानं आम्ल मेलं तरी फ्युरोकूमरिन मरत नाही. उन्हात भाजायचं काम ते करतंच. एकाच वाटीत दोन्हीकडचं नुकसान बसवायलाही डोकं लागतं.

जळजळ ही त्वचेची तक्रार असते. ती "घाण बाहेर पडते" म्हणून नसते. दहा वर्षांची पोर "आई, चुरचुरतंय" म्हणते आणि तिला "थांब, पंधरा मिनिटं झाली नाहीत" असं सांगायचं, हे ज्यानं कुणी लिहिलं त्याला समोर बसवून स्वतःच्या तोंडाला लावायला सांगावंसं वाटतं.

हळदीचंही बोलतो, कारण आमच्या गावाचं नाव घेतलंय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षं हळद साठवली गेली. या हळदीचा अभिमान मलाही आहे, पण ती भाजीत. चेहऱ्यावर तिनं इजा सहसा होत नाही (काहींना ॲलर्जी येते), पण पुटकुळीवर ती औषध म्हणून चालते असंही नाही. आणि सुटी, झगझगीत पिवळी पावडर आणून पोरीच्या तोंडाला फासणार असाल तर एक लक्षात ठेवा, हळदीला रंग चढवायला लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. कायद्यानं त्याला बंदी आहे. शिसं आहे ते, आणि मुलं बोटं तोंडात घालतात.

आता "पुटकुळी म्हणजे रक्त बिघडलं, पाळी लवकर येणार" हा मुद्दा. यानं आयांची झोप उडते. दुकानात हळू आवाजात विचारतात. सहा-आठ वर्षांच्या सुमाराला मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी जास्त काम करू लागतात, त्यांच्या हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जाग्या होतात. म्हणून आधी कपाळ आणि नाक तेलकट होतं, मग बारीक पांढरे-काळे ठिपके येतात. पाळी त्यानंतर कितीतरी उशिरा येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं मान्य केलेल्या २०१३ च्या शिफारशी आहेत, त्यात मुलांच्या मुरमांचे वयानुसार गटच पाडलेत. सात ते बारा वर्षं हा एक स्वतंत्र गट आहे, आणि या वयात मुरूम येणं ही सर्वसाधारण गोष्ट मानली आहे. बाकी काही लक्षण नसेल तर रक्ताच्या तपासण्यांची गरज नाही. चिंता करायची ती एक ते सहा वर्षांच्या मुलांत मुरूम दिसले तर. तिथं डॉक्टरकडे जायलाच हवं. तसंच आठच्या आत छातीची वाढ सुरू झाली किंवा काखेत-जांघेत केस आले, तर मुरूम असो-नसो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाकी "रक्त शुद्ध करणारी" काढ्याची बाटली मागू नका, माझ्याकडे असूनही मी ती देत नाही. याच शिफारशींत मुरूम असलेल्यांनी तोंड दिवसातून दोनदा सौम्य, साबणविरहित क्लेन्झरनं, म्हणजे साबण नसलेल्या फेसवॉशनं, धुवावं असं म्हटलंय. फॉरवर्डच्या पहिल्या मुद्द्याच्या बरोबर उलट.

एसएलएसनं कॅन्सर ही अफवा व्हॉट्सॲपच्या जन्माआधीची आहे, पूर्वी ई-मेलवर फिरायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्करोगकारक पदार्थांची जी यादी केलीय तीत सोडियम लॉरिल सल्फेट नाही. मात्र, मनात नसतानाही, अर्धं खरं मान्य करतो: ते त्वचेला चिडवतं. इतकं की त्वचेच्या प्रयोगांत मुद्दाम चुरचुर निर्माण करायला तेच वापरतात. म्हणून लहान मुलीसाठी घेताना ते टाळलेलं बरं. कॅन्सरच्या भीतीनं नाही, कोरडेपणामुळे. आणखी एक मान्य करतो, आणि हे माझ्या धंद्याच्या विरोधात आहे: ज्या पोरीला पुटकुळी नाही, तेलकटपणा नाही, तिला फेसवॉश लागतच नाही. साधं पाणी पुरतं. सातवीच्या मुली रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सीचं सीरम मागायला येतात, मी परत पाठवतो.

७६ टक्के टीएफएमचं. हा आकडा खोटा नाही, ग्रेड एकच्या साबणात तेवढं स्निग्ध द्रव्य असावं असा भारतीय मानकांचा नियम आहे. पण त्यानं साबणात भर किती कमी आहे ते कळतं, चेहऱ्याला किती सौम्य आहे ते नाही. कितीही टीएफएम असला तरी साबण म्हणजे साबणच, पीएच नऊ-दहा. शिवाय आपल्याकडे बऱ्याच घरांत बोअरचं जड पाणी. त्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळाला की बादलीच्या कडेला जो पांढरा चिकट थर बसतो, तोच थर गालावरही बसतो. साबणविरहित क्लेन्झरचा असा थर बसत नाही.

आज्यांचा मुद्दा सोडून देतो. आज्या दिवाळीला उटणं लावायच्या, एरवी पाणी आणि फार तर डाळीचं पीठ-दूध. ते आजही लावा, हळू हातानं. लिंबू लावून उन्हात बसवायला कुठल्या आजीनं सांगितलं होतं?

तर मग घ्यायचं काय? बाटली उलटी करून मागचं वाचा, पुढचं चित्र नाही. "सोप-फ्री" किंवा "सिंडेट" लिहिलंय का बघा, दोन्हीचा अर्थ साबण नसलेलं. घटकांच्या यादीत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड अशी नावं वरच्या बाजूला असतील तर बहुधा सौम्य आहे. वास नसलेला घ्या. कडुनिंबाचा किंवा संत्र्याचा "नॅचरल" वास हाही वासच असतो. दाणेदार स्क्रब नको, मेंथॉलचा गारवा नको, "फेअरनेस", "ग्लो" तर नकोच. "डर्माटॉलॉजिस्ट टेस्टेड" म्हणजे तपासलंय एवढंच, निकाल काय लागला ते लिहिलेलं नसतं. सॅलिसिलिक ॲसिडवाला फेसवॉश पुटकुळ्या खरोखर असतील तरच, तोही डॉक्टरांना विचारून. पहिले दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

वाटाण्याएवढा पुरतो. सकाळी आणि झोपताना, शिवाय मैदानावरून घामाघूम होऊन आली की एकदा, एवढंच. कोमट पाणी, बोटांच्या टोकांनी, टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी आणि करकरीत वाटली तर ते फेसवॉश त्या पोरीला जड जातंय, बदला. खपली-चट्टे, इसब असेल तर दुकानात नको, दवाखान्यात जा.

ज्यांनी लिंबाचा प्रयोग केलाच आहे त्यांच्यासाठी: भरपूर पाण्यानं आणि सौम्य क्लेन्झरनं धुवा, दोन-तीन दिवस ऊन टाळा, फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. डाग पडलाच असेल तर वेळ आणि सनस्क्रीन हाच मुख्य उपाय, घासून तो आणखी गडद होतो. आणि कुणी शेजारीण डाग घालवायला एखादी गोरं करणारी ट्यूब सुचवेल. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड असतं, त्यानं पोरीची कातडी पातळ होते, लाल पडते, आणि सोडायला गेलं की चेहरा पेटतो. २०१८ साली सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, घातली. बहिणीनंही परवा फोन करून एका ट्यूबचं नाव सांगितलं आणि "दादा, एक काढून ठेव" म्हणाली. काढून ठेवली नाही.