शुगर उतरलेल्या माणसाला कारल्याचा रस पाजू नका

"शुगरच्या पेशंटला घाम फुटला, हातपाय थरथरले की शुगर वाढली समजा. साखर-गूळ अजिबात देऊ नका, कारल्याचा रस पाजा. शुद्ध गेली तरी चमच्याने रस तोंडात सोडत राहा. हे सगळं इंग्रजी गोळ्यांमुळे होतं, त्या आजच बंद करा." हा मेसेज महिनाभरापासून आमच्या दारव्हा तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. मी तो दोन-तीनदा वाचून सोडून दिला होता. गेल्या आठवड्यात त्याचा प्रयोग माझ्या आत्यावर होता होता राहिला.

आत्या सकाळी गोळी घेऊन, नुसत्या चहावर कापूस वेचायला गेली. हातातली पात संपवून जेवू म्हणता म्हणता दीड वाजला. अंग घामानं भिजलं, हात कापायला लागले, बोलणं भलतंच. सोबतच्या बाईनं शिदोरीतला गूळ पुढे केला, तर आतेभाऊ ओरडला, "गूय कायले देता वं काकू, शुगर हाय न तिले!" आणि कारल्याचा रस आणायला त्यानं गाडी काढली. तेवढ्यात आशाताई मशीन घेऊन आल्या म्हणून बरं. बोट टोचलं तर शुगर ४८.

अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७० च्या खाली शुगर गेली की ती कमी, आणि ५४ च्या खाली गेली की ताबडतोब हालचाल करायची. म्हणजे तिला मरणाच्या दिशेनं ढकलायला आमचाच माणूस निघाला होता. अचानक घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, चिडचिड, बरळणं ही शुगर उतरल्याची खूण. चढलेली शुगर अशी पाच-दहा मिनिटांत आडवी पाडत नाही. तिच्यात तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, थकवा दिवसेंदिवस वाढतो.

कारल्यानं शुगर थोडी उतरते असं काही अभ्यासांत दिसलं आहे, मान्य. पण मग जिची आधीच उतरली आहे तिला तेच पाजायचं? विहिरीत पडलेल्याला वरून दगड बांधण्यासारखं झालं हे.

त्या वेळी साखरच औषध आहे. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की भाकर-वरण खाऊ घाला. मशीन नसेल तरी थांबू नका. चुकून शुगर चढलेली निघाली तर तीन चमच्यांनी आभाळ कोसळत नाही, पण उतरलेली असताना वाट पाहिली तर जीव जातो. गूळ चालतो, पाण्यात विरघळवून. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधाच्या स्निग्धपणानं साखर रक्तात सावकाश जाते. शुगर-फ्रीच्या पुड्यांचा इथे काही उपयोग नाही. आणि गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोस किंवा अकार्बोस लिहिलं असेल, तर घरची साखर पचायलाच वेळ लागतो. त्यांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी, किराणा दुकानात मिळते.

शुद्ध गेलेल्याच्या तोंडात रस, पाणी, साखर काहीच घालायचं नाही. ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

गोळ्यांबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्शुलिन यांनी शुगर खाली जाते, विशेषतः जेवण चुकलं तर. एकट्या मेटफॉर्मिननं सहसा नाही. पण म्हणून गोळ्या फेकून द्यायच्या नसतात, डॉक्टरांना ही घटना सांगायची असते. शिवाय या गोळ्यांचा असर तासन्तास राहतो, साखर पिऊन बरं वाटलं तरी पुन्हा उतरू शकते. म्हणूनच आत्याला आम्ही त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं आणि रात्रभर तिथेच ठेवलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि न्याहारी केल्याशिवाय ती घ्यायची नाही असं बजावलं. आता वेचणीला जाताना ग्लुकोजचा पुडा तिच्या ओटीत असतो, आणि तो कशासाठी आहे हे सोबतच्या बायांनाही सांगून ठेवलं आहे.