आमना आमदार काय बोलना?

अधिवेशन सुरू झालं की टपरीवर हा प्रश्न येतोच. 'विधेयक मंजूर' अशी बातमी मोबाइलवर आलेली असते, चहावाला कटिंग पुढे सरकवतो आणि विचारतो, "भो, आमना आमदार काय बोलना?"

खानदेशात आमदार वीस. जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4. त्यांच्या घरच्या लग्नात किती पंगती उठल्या हे इथं प्रत्येकाला पाठ. सोसायटीच्या निवडणुकीत कुठल्या घरातलं कोणतं मत फुटलं, हे पेटी उघडायच्या आधी सांगणारे जाणकार तर ओट्याओट्यावर. पण विधानसभेत आपल्या माणसानं मत कुणीकडे दिलं, असं विचारलं की माझी बोबडी वळते. कारण खरं उत्तर बहुतेक वेळा असं असतं: तो 'होय' म्हणाला असेल, 'नाही' म्हणाला असेल, नाहीतर त्या वेळी कँटीनमध्ये वडा खात असेल. तिन्हींची नोंद सारखीच, म्हणजे नाहीच.

याचं नाव आवाजी मतदान. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. एक गलका होतो. मग प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. दुसरा गलका. कोणता गलका मोठा, ते अध्यक्षांच्या कानानं ठरवायचं. बाजार समितीच्या लिलावात बोली कुणाची आणि भाव काय, हे निदान पावतीवर तरी येतं. इथं कार्यवाहीत एवढंच छापून येतं की प्रस्ताव संमत झाला. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, सभागृहाचा दहावा भाग पुरतो, म्हणजे 288 पैकी 29 जण. अध्यक्ष धरून तेवढेच बसलेले असले तर 15 'होय' आणि 13 'नाही' यांवर कायदा होऊ शकतो, आणि ते 15 कोण हे टपरीला कधीच कळत नाही.

यावर औषध आहे, मतविभागणी, म्हणजे 'होय' आणि 'नाही' वेगवेगळे मोजणं. पण ती कुणीतरी मागावी लागते, आणि वेळेत मागावी लागते. निकाल जाहीर होऊन अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले की संपलं. 12 नोव्हेंबर 2014 ला नेमकं हेच झालं. 122 जागा जिंकलेल्या पक्षाच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव, बहुमताला लागतात 145, आणि निकाल आवाजी. विरोधक नंतर मतविभागणी मागत राहिले. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करावा, तसं.

मतविभागणीतली खरी मजा शिरगणतीत. तिथं एकेका सदस्यानं उभं राहून नाव सांगायचं आणि आपला अनुक्रमांक मोठ्यानं म्हणायचा, शाळेतल्या हजेरीसारखा. 30 नोव्हेंबर 2019 ला विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूचा आकडा 169 वर गेला, विरोधकांनी सभात्याग केला आणि चौघे तटस्थ राहिले. 4 जुलै 2022 ला 164 विरुद्ध 99. त्या दिवशी मात्र चहावाल्याला उत्तर बिनचूक देता येतं, म्हणून असे दिवस मी जपून ठेवतो.

या मतामागे व्हिप असतो, मत कुणीकडे द्यायचं हा पक्षाचा आदेश. म्हणजे चाबूकच. 1985 पासून घटनेच्या दहाव्या अनुसूचीत त्याला जोर आला: पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षानं 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकीवर गदा. फक्त चाबूक कुणाच्या हातात, यावर पक्ष फुटले की भांडण. 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रतोद, म्हणजे हा चाबूक धरणारा, नेमायचा तो राजकीय पक्षानं, विधिमंडळ पक्षानं, म्हणजे त्याच्या नुसत्या आमदारांच्या गटानं, नव्हे. टपरीला हा फरक समजावताना माझे दोन कप चहा थंड होतात.

बैलाला वर्षातून एक दिवस तरी चाबकापासून सुटका मिळते, पोळ्याला. आमदारांचा पोळा म्हणजे विधान परिषदेची निवडणूक. राज्यसभेला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकावी लागते, दुसऱ्या कुणाला दाखवली की मत बाद. अपक्षानं तर कुणालाच दाखवायची नाही. परिषदेला मात्र पूर्ण गुप्त. जांभळ्या शाईचा पेन निवडणूक आयोगच देतो, त्यानंच पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. 1 लिहायला विसरलात, दोघांपुढे 1 लिहिलात किंवा बरोबरची खूण केलीत, की मत बाद. लाखभर मतं घेऊन निवडून आलेला माणूस 'एक' लिहिताना घामाघूम का होतो, ते आता कळलं असेल.

आता गणित. 2024 च्या जुलैत परिषदेच्या 11 जागा आणि 274 मतदार आमदार. सगळी मतं वैध धरली तर प्रत्येक मताची किंमत 100, म्हणून 27,400 भागिले 12 (जागांहून एक जास्त), आणि त्यात एक मिळवायचा: निवडून यायचा कोटा 2,284, म्हणजे 23 मतं. समजा एखाद्याला 26 मिळाली. त्याची 2,600 झाली, उरली 316. ही शिल्लक त्या 26 मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीला वाटून द्यायची, प्रत्येकी 12, पुढचा अपूर्णांक सोडून. केळीची गाडी भरल्यावर उरलेले घड दुसऱ्या गाडीत टाकतो तसंच, फक्त इथं रुपयाचा माल बारा पैशांना जातो. म्हणून पक्षाचे हिशेबनीस रात्रभर जागून कुणी कुणाला 1 द्यायचा याच्या याद्या करतात आणि सकाळी बसमधून एकेका गटाला आणतात. तरी यादी चुकते, कारण पेटीपाशी आमदार एकटाच असतो.

20 जून 2022 ला असंच मतदान झालं आणि त्याच रात्री मुंबईहून निघालेले शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेला पोचले. आम्हांला त्यात नवल वाटलं नाही. तापी सुरतेलाच जाते, भुसावळची रेल्वे सुरतेलाच जाते, कपाशीचा व्यापारी सुरतेलाच जातो. त्या रेल्वेच्या वाटेत नवापूरच्या स्टेशनात एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. मी त्याला तटस्थांचा बाक म्हणतो. त्यावर बसलेल्याला कुणीकडचा धरायचा, असं चहावाल्यानं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: उठून कोणत्या फलाटाकडे जातो ते बघ, आणि नाव-नंबर मोठ्यानं सांगायला लाव.