गुडघे का फक्त बायांलेच असतात का?

तालुक्याच्या कोणत्याही जिममध्ये जा, बेंच प्रेसपाशी पोट्ट्यांची लाईन न् कोपऱ्यातल्या इलिप्टिकलवर (उभ्यानं पेडल फिरवायचं मशीन) टॉवेल लटकून राह्यले. काहून तं म्हणे ते बायांचं मशीन हाय. आता काय बोलावं बाप्पा!

माझं तं मत असं हाय की चाळिशीपुढच्या माणसाले आख्ख्या जिममध्ये याच्याएवढं कामाचं मशीन नाही. पाय पेडलवरून उचलायचाच नाही, त्यामुळं पळताना गुडघ्यावर जो दणका बसते तो इथं जवळजवळ बसतच नाही, अन् हलणारे दांडे धरून ओढले-ढकलले तं खांदे-पाठही कामाले लागते. वावरात जातो तोच आमचा व्यायाम म्हणणारे काकालोक आता बांधापर्यंत गाडीवर जातात न् फवारणीले मजूर सांगतात, त्यायनं तं नक्कीच चढावं. अन् आपलं ऊन! मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडं पारा 45 च्या वर जाते, फिरायले जाता कुठं? लाईट गेली तं ट्रेडमिल जागच्या जागी ठप्प, पण बरेच इलिप्टिकल पायाच्या जोरावरच चालतात, डिस्प्लेची वीजही आतच तयार होते (सगळे नाही बरं, काहींले प्लग लागतेच).

पण लोक वापरतात कसं पाहा, रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) 1 वर, समोरच्या दांड्यावर आख्खं अंग टाकलेलं, मोबाईलवर रील चालू, अन् कॅलरीचा आकडा पाहून खुश होऊन बाहेर आलूबोंडा. तो आकडा अंदाजाचा असते भाऊ, अन् बरेचदा जास्तच दाखवते. ताठ उभं राहा, रेझिस्टन्स एवढा ठेवा की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे. डब्ल्यूएचओ आठवड्याले निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, तेवढं तं पारावर बसूनही जाते आपलं. गुडघा सुजलेला असन तं आधी डॉक्टरले दाखवा.

पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांनी मात्र याच्या भरवशावर राहू नये. पोरांले 1600 मीटर, पोरींले 800, ते ग्राउंडवर पळायचं असते, तिथं पाय आपटणारच न् त्याची सवय पळूनच लागते. नडगी दुखून राह्यली असन तं तेवढे दिवस इलिप्टिकल करा, दम टिकून राहते. दुखणं थांबलं की पहाटे पाचले ग्राउंडवर.