डायनासोर खेळात नकोत? आधी पाटणादेवीला जाऊन या

टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचे खेळ, खेळणाऱ्या आपल्या मंडळींत सध्या एक मत फार फिरतंय. जादू, तलवारी आणि राक्षसांच्या जगात डायनासोर, मॅमथ असले प्राणी आणू नयेत, असं ते मत. त्यासाठी कारणं चार दिली जातात: हे विज्ञानातले प्राणी असल्याने जादूची मजा जाते, माणूस आणि ते कधी एकत्र नव्हतेच, खेळात ते नुसती हिट पॉइंटची (कोण किती मार सोसतो त्या आकड्यांची) पोती होतात, आणि ते परदेशी, आपल्या मातीतले नाहीत. मी जळगावात डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, म्हणून खेळ चालवतो: जग आणि गोष्ट मी मांडतो, बाकीचे पात्रं होऊन त्यात वावरतात. यातलं एकही कारण मला पटत नाही, आणि नवे डीएम ते वाचून एक मोठा खजिना बंद करून ठेवतात याचं वाईट वाटतं.

जादूची मजा जाते म्हणे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा असाच खेळ १९७४ साली आला, आणि त्याच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, टेबलावर स्वस्तातली प्लॅस्टिकची खेळणी मांडायचे. हाँगकाँगला बनलेली, डायनासोर म्हणून विकली जाणारी, पण कुठल्याच खऱ्या प्राण्यासारखी न दिसणारी. लोखंड गंजवणारा रस्ट मॉन्स्टर आणि अर्धा घुबड-अर्धा अस्वल असा आउलबेअर त्या खेळण्यांवरूनच जन्मले. म्हणजे ज्यांना आपण अस्सल जादुई मॉन्स्टर म्हणतो, त्यांचं मूळच खेळण्यातल्या डायनासोरांच्या पिशवीत आहे. खेळाच्या २०१४च्या नियमांत ड्रुइडला, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राला, आधी पाहिलेल्याच पशूचं रूप घेता येतं, आणि डायनासोर त्या पशूंतच मोडतात. तुमच्या जगात ॲलोसॉरस नसेल, तर ड्रुइड तो पाहणार कुठे?

माणूस आणि डायनासोर एकत्र नव्हते, हे खरं आहे. पक्षी सोडून बाकीचे सगळे डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. पण टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस यांच्यामधलं अंतरसुद्धा आठ कोटी वर्षांच्या आसपास आहे, आणि ते दोघे एका पटावर आले तर कुणी हरकत घेत नाही. शिवाय हा आक्षेप सगळ्या प्रागैतिहासिक प्राण्यांना एकाच दावणीला बांधतो. मॅमथ माणसाने पाहिला, मारला, गुहेच्या भिंतीवर रंगवला. आणि आपल्या खानदेशात? चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला लोक देवीच्या दर्शनाला जातात, भास्कराचार्यांचं नाव घेतात. त्याच पाटणे गावाजवळ १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. वय सुमारे २५ हजार वर्षं. सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी शहामृगाच्या अंड्याचे मणी घालणारा माणूस! मोहिमेची सुरुवात करायला याहून चांगलं चित्र मला सुचलेलं नाही.

आता पोत्यांचा मुद्दा. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

खेळाच्या २०१४च्या पुस्तकात टी-रेक्सला १३६ हिट पॉइंट आहेत आणि बुद्धी फक्त २. डीएमने तो मैदानात आणून उभा केला, चावा, शेपटी, चावा असं चालवलं, तर पोतंच होणार. पण तसा चालवला तर ओगर राक्षसही पोतंच होतो. दोष प्राण्याचा नाही.

आमच्या टेबलावर यावलकडचा एक मित्र आहे, घरची केळीची बाग. एका सेशनला पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, एक दरी ओलांडायची होती आणि दरीत टी-रेक्स होता. टोळीतला लढवय्या, बार्बेरियन, कुऱ्हाड काढून बसलेला. या मित्राने विचारलं, ‘वारा कुणीकडून आहे? त्याने शेवटचं कधी खाल्लं?’ बागेत बिबट्याचा वावर असला की मजूर एकटे जात नाहीत, मोठ्याने बोलत जातात, वाकून काम करताना एकाला पहाऱ्यावर ठेवतात. हे ऐकत तो मोठा झालाय. मग सगळे त्याच वाटेने विचार करायला लागले. वाऱ्याच्या उलट बाजूने जायचं, मेलेला बैल दुसऱ्या टोकाला ओढून ठेवायचा, तो खाईपर्यंत थांबायचं. ‘हललो नाही तर त्याला दिसत नाही,’ असं एकाने म्हटलं, ते मी मान्य केलं नाही. टी-रेक्सचे डोळे समोर रोखलेले, नजर तीक्ष्ण आणि मेंदूतला वासाचा भाग मोठा होता. दोन तास गेले, एकही वार झाला नाही, आणि कुणी खुर्चीत मागे टेकलं नाही.

ड्रॅगनशी बोलता येतं, त्याला सोनं देता येतं. जनावराशी सौदा होत नाही, पण त्याला ओळखता येतं. म्हणून मी प्रत्येक प्राण्यापुढे तीन ओळी लिहून ठेवतो: काय खातो, कशाला बिचकतो, कोणत्या वेळी बाहेर पडतो. हिट पॉइंट त्याच्यानंतर.

राहिला परदेशीपणा. राजासॉरस गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडला, २००३ साली त्याचं नाव जाहीर झालं. डोक्यावर बुटकं शिंग असलेला मांसाहारी. शाकाहारी इसिसॉरस तर महाराष्ट्रातलाच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. गुजरातेतल्याच एका जीवाश्मात डायनासोरच्या घरट्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप आहे, साडेतीन मीटरचा, सनाजेह नावाचा. आणि कच्छच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या अजस्र सापाला २०२४ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलं वासुकी. लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर. शास्त्रज्ञांना पुराणातलं नाव घ्यावंसं वाटलं, आणि आपण म्हणतो जादू आणि जीवाश्म जुळत नाहीत!

खानदेशच्या काळ्या पत्थरात डायनासोरची हाडं मिळत नाहीत, कारण तो लाव्ह्याचा खडक. पण तो लाव्हा त्यांच्याच शेवटच्या काळात वाहिला. एका थरानंतर दुसरा यायच्या आधी मधल्या काळात तिथे तळी साचली, झाडी वाढली. नंदुरबार-धुळ्याकडे जमिनीतून भिंतीसारखे उभे राहिलेले खडकांचे कणे त्याच काळात भेगांत गोठलेल्या लाव्ह्याचे आहेत. माझ्या पुढच्या मोहिमेचा नकाशा मी त्यांवरूनच काढलाय: दोन भिंतींमध्ये एक तळं, काठावर इसिसॉरसची घरटी, आणि लाव्हा पुन्हा यायला एकच पावसाळा उरलेला.